काळ्या मानेतली पिसं

१९६२च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावातल्या एका तळ्याकाठी काही पक्षीशास्त्रज्ञ हंस पकडून त्यांची वजनं करत होते. काटा जे आकडे दाखवत होता ते कुणालाच पटेनात. काटा बिघडला असणार, दुसरं काय? शेवटी किराणा दुकानातल्या साखरेच्या आणि पिठाच्या पिशव्या काट्यावर ठेवून पाहिल्या, तर काटा चोख निघाला. हंसच तेवढे जड होते. ‘इलिनॉय नॅचरल हिस्टरी सर्व्हे’चे हॅरॉल्ड हॅन्सन त्या चमूत होते. कॅनडा हंसाची सगळ्यांत मोठी उपजात, म्हणजे महाकाय कॅनडा हंस, नामशेष झाली असं तोवर मानलं जात होतं. ती या गावातल्या बागेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत खुशाल चरत होती! हॅन्सन यांनी १९६५मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

तळ्याचं नाव सिल्व्हर लेक. काठावर वीजकेंद्र होतं. यंत्रं थंड ठेवायला ते तळ्यातलं पाणी घ्यायचं आणि कोमट करून परत सोडायचं, त्यामुळे आसपासचा सगळा मुलूख गोठला तरी हे तळं उघडं राहायचं. याच गावच्या मेयो क्लिनिकचे डॉ. चार्ल्स मेयो यांनी आपल्या मळ्यात कॅनडा हंसांचा कळप पाळला होता. पाळलेल्यांची साद, मोकळं पाणी आणि आजूबाजूच्या शेतांत सांडलेला मका, एवढ्यावर रानातले हंस दर हिवाळ्यात इथे उतरू लागले. वीजकेंद्र पुढे बंद झालं. या उपजातीचे हंस मात्र आता उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक बागेत, गोल्फच्या मैदानावर आणि ऑफिसासमोरच्या हिरवळीवर दिसतात. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरांना तर त्यांच्या विष्ठेवरून उड्या मारत फिरायची सवयच झालेली असते.

इतका सवयीचा पक्षी, त्यात बसून राहिलेला, म्हणजे फोटो सोपा असणार असं वाटतं. प्रत्यक्षात मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर टिपलेल्या दहांतल्या नऊ चित्रांत हंसाची मान हा नुसता काळा ठिपका असतो, त्यावर पांढरा गालपट्टा चिकटवल्यासारखा, आणि डोळा शोधूनही सापडत नाही. का, हे समजून घ्यायला लागलं की एका आळशी पक्ष्याच्या चित्रात किती गोष्टी घडतात ते पाहून थक्क व्हायला होतं.

आधी तो पक्षी पाहू. हिवाळ्यात विसावलेला हंस बहुतेक वेळा बर्फावर पोट टेकून बसतो, दोन्ही पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो आणि चोच पाठीवरच्या पिसांत खुपसतो. उभा असला तर एकाच पायावर. पायांवर पिसं नसल्यामुळे उष्णता तिथून सहज निसटते, म्हणून एक पाय आत घेतला की पायांवाटे होणारी जवळजवळ अर्धी गळती थांबते. बाहेर राहिलेल्या पायाची व्यवस्था तर त्याहून चतुर आहे. शरीरातून पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायातून परतणारं थंड रक्त एकमेकांना खेटलेल्या नळ्यांतून उलट दिशांनी वाहतं. गरम रक्त वाटेतच आपली ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. पंजापर्यंत पोचतं ते थंड झालेलंच असतं, त्यामुळे बर्फाला देण्यासारखी ऊब त्यात फारशी उरत नाही.

आणि तो झोपलेला दिसला, तरी झोपला आहे असं समजू नका. नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये हंसाच्याच कुळातल्या मॅलार्ड बदकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. बदकं ओळीनं झोपवली तेव्हा मधली दोन्ही डोळे मिटून झोपली. टोकाची मात्र बराच वेळ एक डोळा उघडा ठेवून होती, तोही कळपाच्या बाहेरच्या बाजूचा. त्या डोळ्याशी जोडलेला मेंदूचा अर्धा भाग जागा होता, उरलेला अर्धा गाढ झोपलेला. बागेतल्या हंसांच्या कळपाकडे कॅमेरा घेऊन निघालात, तर कडेचा जो हंस सगळ्यांत आधी दिसतो तो पहारेकरी असण्याची शक्यता मोठी.

त्यातून कॅनडा हंसाचा डोळा उघड्या माळरानासाठी घडलेला. दृष्टिपटलावर बारकावे टिपणाऱ्या पेशींची दाटी आपल्याकडे एका लहानशा खळग्यात असते. या हंसाच्या डोळ्यात ती एका लांबट पट्ट्यात असते आणि तो पट्टा तिरका आहे. त्यामुळे मान न हलवता पायाखालचं गवत आणि वरचं आकाश तो एकाच वेळी न्याहाळू शकतो. आपण दबकत दबकत पुढे सरकतो आणि पक्षी बेसावध आहे असं समजतो, ही आपली समजूत. त्यानं मान सरळ उंचावली की आपण जास्त जवळ गेलो हे ओळखावं आणि मागे फिरावं. फुसफुसायला लागला, तर ते आधीच करायला हवं होतं.

लांबूनच, जमिनीवर आडवं पडून, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणून फोटो घेतला असं धरू. आता त्या काळ्या मानेकडे येऊ, कारण खरी कसोटी तीच.

ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला जवळजवळ ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. मेलॅनिननं भरलेली काळी पिसं जेमतेम काही टक्के. दोघांत तिसेक पटींचा फरक झाला, आणि मानेची एक बाजू सावलीत असली तर तो आणखी वाढतो. कॅमेऱ्याचा मीटर मात्र समोर जे आहे ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरून चालतो. समोर बर्फ भरपूर, म्हणून तो सगळं चित्र काळवंडून टाकतो आणि मान अंधारात बुडते. मीटरचं ऐकायचं नाही, एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) जास्त प्रकाश घ्यायचा, हे बर्फात फोटो काढणारा प्रत्येक जण कधी ना कधी शिकतो. भिगवणला पट्टकादंबांसाठी पहाटेच्या होडीत बसणाऱ्यांना याच अडचणीचं उलटं रूप ठाऊक असतं. तिथे डोकं पांढरं, त्यावर दोन काळे पट्टे, मागे उजनीचं गडद पाणी. मीटर सगळं उजळायला जातो आणि डोकं पांढरंफटक होऊन त्यातलं पीसन्‌पीस पुसलं जातं.

गालावरचा पांढरा पट्टा अशा तऱ्हेनं एकदा पुसला गेला की कुठल्याही सॉफ्टवेअरला तो परत आणता येत नाही, कारण सेन्सरची त्या जागची भांडी काठोकाठ भरलेली असतात आणि त्यापुढचं काही नोंदलेलंच नसतं. काळ्या मानेचं दुखणं वेगळं. तिथे नोंद असते, पण फार थोडी.

किती थोडी, ते पाहण्यासारखं आहे. चांगल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, १४ बिटांची असते, म्हणजे गडद काळ्यापासून झगझगीत पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या. सेन्सर प्रकाश सरळ मोजतो. प्रकाश दुप्पट झाला की आकडा दुप्पट. त्यामुळे सगळ्यांत उजळ स्टॉपच्या वाट्याला ८,१९२ पायऱ्या येतात, त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, आणि असं करत करत सातव्या स्टॉपपर्यंत पोचताना १२८ उरतात. बर्फ पहिल्या स्टॉपमध्ये लोळतोय आणि सावलीतली मान सातव्यात. मानेवरची सगळी पिसं, त्यांच्या कडा, डोळ्याभोवतीचा बारीक फरक, सगळं त्या १२८ पायऱ्यांत बसवायचं.

आणि त्या पायऱ्याही स्थिर नसतात. प्रकाश सलग येत नाही, त्याचे कण, म्हणजे फोटॉन, सुटे सुटे येतात. अंगणात सारख्या मापाच्या वाट्या मांडल्या आणि पाऊस एकसारखा पडत असला, तरी एखाद्या क्षणी प्रत्येक वाटीत थेंब तेवढेच पडले असं कधी होत नाही. सेन्सरचंही तेच. सरासरी जितके फोटॉन, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार होतच राहतो. उजळ बर्फाच्या एका पिक्सेलमध्ये ४०,००० फोटॉन आले असं धरा. त्याचं वर्गमूळ २००, म्हणजे अर्ध्या टक्क्याची हालचाल, डोळ्याला कळतही नाही. मानेच्या पिक्सेलमध्ये त्याचा चौसष्टावा भाग, म्हणजे ६२५. वर्गमूळ २५. ही ४ टक्क्यांची हालचाल झाली. संगणकावर सावल्या उजळायची पट्टी उजवीकडे सरकवली की मान दिसू लागते खरी, पण तिच्यासोबत रवाळ खरखरही वर येते. कॅमेरा महाग असो की स्वस्त, या खरखरीतला बराचसा भाग कुठल्याही कारखान्याला काढून टाकता येणार नाही. ती प्रकाशाची स्वतःची आहे. मला हे समजलं तेव्हापासून सावलीतली खरखर मी पूर्वीइतकी शत्रू मानत नाही.

अजून आपण काही रिटच केलेलं नाही, असं वाटेल. पण कॅमेऱ्यानं ते केव्हाच केलं आहे. सेन्सरला रंग कळत नाहीत, फक्त उजेड कळतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांच्या नावे १९७६मध्ये एक पेटंट नोंदलं गेलं. सेन्सरवर बुद्धिबळाच्या पटासारखी रंगीत काचांची जाळी बसवायची, अर्ध्या चौकटी हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. आजही बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल त्याच जाळीतून पाहतात. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून काढावे लागतात. २४ मेगापिक्सेलच्या चित्राला तांबडा, हिरवा, निळा मिळून ७ कोटी २० लाख आकडे लागतात. त्यांतले मोजलेले २ कोटी ४० लाख. उरलेले ४ कोटी ८० लाख अंदाजानं भरलेले. ‘मी काही एडिट केलं नाही, जसं होतं तसं दिलं’, असं जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्या चित्रातला दोन तृतीयांश रंग अंदाजाचा असतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा इतका बरोबर ठरतो की शंकाही येत नाही. हंसाच्या छातीवरच्या बारीक, एकसारख्या पिसांवर मात्र तो कधीकधी फसतो. पिसांच्या रेघा आणि काचांच्या चौकटी यांची मापं जवळपास जुळली, की त्या जागी हिरव्या-जांभळ्या लाटा उमटतात. हंसावर असला रंग कुठेच नसतो.

म्हणून संगणकासमोर बसल्यावर ‘फोटोला हात लावायचा की नाही’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. विचारायचं ते एवढंच, की प्रत्येक ठिपक्यातली माहिती आली कुठून? हंसावरून परतलेल्या प्रकाशातून, शेजारच्या ठिपक्यातून, की भलत्याच पक्ष्याकडून?

मान उजळणं पहिल्या प्रकारात बसतं. फक्त मानेवर मास्क घालून सावल्या वर उचलायच्या, जुन्या डार्करूममध्ये कागदाच्या तुकड्यानं प्रकाश अडवून करत तसंच हे. उचलताना काळ्या पिसांवर निळसर झाक दिसू लागते, आणि ती रंगाची चूक समजून घालवून टाकायचा मोह होतो. ती चूक नसते. सावलीतल्या पिसांवर उन्हाऐवजी निळ्या आकाशाचा उजेड पडत असतो, आणि काळं असलं तरी पीस त्यातला थोडा परतवतं. बर्फावरच्या सावल्या निळ्या का दिसतात, त्याचंही उत्तर हेच. थोडी झाक ठेवली तर मान गोल दिसते, घालवली तर कापून चिकटवलेली.

डोळ्याचं अवघड. कॅनडा हंसाचा डोळा गडद तपकिरी आणि तो बसलाय काळ्या डोक्यात. त्यात आकाशाची लहानशी चकाकी पडली असेल, तरच तो डोळा म्हणून ओळखू येतो. चकाकी फाइलमध्ये असेल तर ती उजळावी, बुबुळाची कडा किंचित मोकळी करावी. नसेल तर? पांढरा ठिपका ब्रशनं ठेवून द्यायला पाच सेकंद लागतात, आणि चित्र एकदम जिवंत होतं. पण त्या क्षणी हंसानं कदाचित डोळ्यावरून आपली तिसरी, अर्धपारदर्शक पापणी फिरवलेली असते, किंवा तो खरोखरच मिटलेला असतो. अर्धा मेंदू झोपलेल्या पक्ष्याला आपण पूर्ण जागा करून ठेवतो. मी तरी तो ठिपका ठेवत नाही.

पाठीवर अडकलेली काडी काढायची असेल, तर गोष्ट मजेशीर होते. शेजारची पिसं उचलून तिथे छापणारं क्लोन स्टॅम्प हे अवजार हंसाच्या पाठीवर लगेच उघडं पडतं. तिथली पिसं कौलांसारखी ओळीनं रचलेली असतात, आणि ओळीत एकच पीस दोनदा आलं की माणसाची नजर ते पकडतेच. फोटोशॉपमध्ये २००२ साली आलेला हीलिंग ब्रश वेगळ्या रीतीनं चालतो. तो शेजारच्या पिसांचा रंग घेत नाही. एका ठिपक्यापासून पुढच्यापर्यंत उजेड किती वाढतो, किती घटतो, एवढा फरकच तो उचलतो. मग भरायच्या जागेच्या कडेवरचे खरे रंग पक्के धरून, आत ते फरक शक्य तितके जसेच्या तसे बसतील असे रंग शोधून काढतो. पाहुण्या पिसांचा पोत घरच्या उजेडात येऊन बसतो. २००३मध्ये पॅट्रिक पेरेझ, मिशेल गान्ये आणि अँड्र्यू ब्लेक या मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी याच विचाराचं गणित एका निबंधात मांडलं. त्याच्या मुळाशी फ्रेंच गणिती प्वासाँ यांचं एकोणिसाव्या शतकातलं समीकरण आहे. धातूच्या पत्र्याच्या कडा ठरावीक तापमानाला धरल्या तर आत उष्णता कशी पसरून स्थिरावेल, तेही त्याच समीकरणानं काढता येतं.

शार्पनिंगची कथा याहून जुनी आहे. ‘अनशार्प मास्क’ हे फोटोशॉपमधलं नाव ऐकून नवखे गोंधळतात. डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम पुसट केलेली प्रत मूळ निगेटिव्हवर ठेवून छापायचे, त्यानं कडा उठून दिसायच्या. आपल्या दृष्टिपटलातही असंच चालतं. उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथे पेशी एकमेकींना दाबतात आणि कड मुळात असते त्याहून ठळक दिसते. एर्न्स्ट माख यांनी हे पट्टे १८६५मध्ये वर्णन केले. पुढे हॅल्डन केफर हार्टलाइन यांनी नालखेकड्याच्या डोळ्यातल्या मज्जातंतूंवर याचा उलगडा केला आणि १९६७च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. शार्पनिंगची पट्टी जास्त ओढली, तर काळ्या मानेभोवती बर्फावर एक पांढरी प्रभावळ उमटते. मान सुंदर दिसली म्हणून अनेक जण तिथेच थांबतात, हंसाला देवपण येतं ते वेगळं.

खरं संकट नव्या अवजारांत आहे. खरखर घालवणारे आजचे ‘एआय’ प्रोग्रॅम असंख्य चित्रांवरून शिकलेले असतात. १२८ पायऱ्यांत जे पीस नोंदलंच गेलं नाही, तेही हे प्रोग्रॅम काढून देतात. देतात तेही इतकं नीटस, की वाहवा म्हणावंसं वाटतं. ते पीस पिसासारखं असतं, पण या हंसाचं नसतं. २०२३पासून फोटोशॉपमध्ये शब्द लिहून चित्राचा तुकडा भरून घेता येतो. बर्फाखाली गेलेला पंजा मागितला तर तोही मिळेल. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’सारख्या स्पर्धा शेवटच्या फेरीत रॉ फाइल मागतात, त्यामागे हीच धास्ती आहे. घरच्या भिंतीवर लावायच्या चित्राला कुणी रॉ फाइल मागत नाही, तिथे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि चित्रात हंसाच्या मागे कचऱ्याचा डबा आला असेल, तर त्याचं काय? तो बागेत होता आणि हंसही बागेतलाच होता. तरी तो काढला म्हणून मी कुणाशी भांडणार नाही. एक गोष्ट मात्र कधीच काढू नये, आणि नेमकी तीच पहिल्यांदा काढली जाते, कारण ती चित्रात खुपते. हंसाच्या पायातली ॲल्युमिनियमची रिंग, किंवा गळ्यातली अक्षरं-आकडे असलेली रंगीत पट्टी. अमेरिकेत या रिंगांची नोंद १९२०पासून ‘बर्ड बँडिंग लॅबोरेटरी’ ठेवते. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून आकडे वाचता आले आणि कळवले, तर हा पक्षी कुठे, कधी, केवढा असताना पकडून सोडला होता ते उत्तरात कळतं. अशाच एका रिंगेमुळे आपल्याला माहीत आहे की १९६९मध्ये ओहायोत जिच्या पायात ती बसवली, ती कॅनडा हंसाची मादी २००१मध्ये ऑन्टारिओत शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली तेव्हा निदान ३३ वर्षांची होती.